प्रयोगवही भरली, तरी चित्र का घडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कलाशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात आहे. रंग, नक्षी आणि कधी न हाताळलेलं साहित्य घेऊन प्रयोग करा, असं वर्गात सांगितलं आहे. चारकोल, ऑइल पेस्टल, शाई, बोरू, मेणाचे खडू असं बरंच जमवलं. कधी झाड काढलं, कधी चेहरा, कधी नुसते पट्टे. वही भरत आली, पण प्रत्येक पान सुटा नमुना वाटतं. रंग मिसळले की मळतात, नक्षी वरून चिकटवल्यासारखी दिसते. यातून चित्र कसं घडवायचं?"

वही भरली हे चांगलंच झालं, ती टाकून देऊ नका. पण पाहा, प्रत्येक पानावर तुम्ही सगळंच एकदम बदललंय. झाड चारकोलने काढलं आणि ते जमलं, तर ते चारकोलमुळे जमलं, कागदामुळे जमलं, की तुमचा हात झाडांवर बसलेला आहे म्हणून? कळायला मार्ग नाही. चेहरा शाईने बिघडला, तर शाईला दोष द्यायचा की चेहऱ्याला? तेही कळत नाही. प्रयोगात काहीतरी जागेवर ठेवावं लागतं, तरच जे हललं ते दिसतं. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या वह्या चाळताना मला हीच अडचण सगळ्यात जास्त दिसते. साहित्याची आवड असते, कष्टाची तयारी असते, फक्त धरून ठेवलेलं काही नसतं.

म्हणून पहिलं काम: या सत्रापुरता एकच विषय पक्का करा. माझी सूचना अगदी साधी आहे. खुर्चीच्या पाठीवर एक पट्ट्यापट्ट्यांचं कापड टाका आणि एका बाजूने दिवा लावा. प्रयोगाला लागणाऱ्या तीन गोष्टी या मांडणीत आहेत. कापडाला रंग आहे, पट्ट्यांची नक्षी आहे, आणि घड्यांमुळे आकार आहे. सपाट पसरलेल्या कापडावर पट्टे सरळ असतात. घडी पडली की ते वाकतात, अरुंद होतात, घडीत गडप होतात आणि पलीकडे थोडे सरकून पुन्हा निघतात. त्या सरकण्यातच घडीची खोली कळते, सावली काढायच्याही आधी. शिवाय कापड चेहऱ्यासारखं "जमलं की नाही" असा धाक घालत नाही. आधी ते साध्या पेन्सिलीने पुरेसं काढून घ्या. घड्या पाठ झाल्या पाहिजेत, म्हणजे नवं साहित्य हातात आल्यावर डोकं रेखाटनात अडकत नाही.

आता साहित्याकडे वळू. दुकानातली नावं आणि डब्यांवरचे रंग विसरून एवढंच लक्षात ठेवा की जवळजवळ प्रत्येक साहित्य म्हणजे रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा एखादा पदार्थ. जलरंगात डिंक, ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि न वाळणारं तेल, अॅक्रिलिकमध्ये प्लास्टिकसारखं आवरण धरणारं द्रावण. साहित्याचा स्वभाव बहुतेक वेळा पुडीपेक्षा या धरणाऱ्या पदार्थाने ठरतो. हे पटवून घ्यायला काळा रंग उत्तम. काड्यांच्या चारकोलमध्ये जळलेलं लाकूडच असतं, धरणारं काही नाही. म्हणून बोटाने झटकला तरी तो निघून जातो. कॉम्प्रेस्ड चारकोलमध्ये तीच पूड चिकट पदार्थात दाबलेली असते. काळा जास्त गडद होतो, पण खोडला तरी डाग मागे राहतो. इंडियन इंकमध्येही कार्बनच, पण बहुतेक बाटल्यांमध्ये लाखेसारखा पदार्थ असल्यामुळे एकदा वाळली की पाण्याने हलत नाही. ग्रॅफाइटही कार्बनच आणि मातीत भाजलेला. (आजच्या पेन्सिलीची मूळ कृती निकोला-जाक काँटे यांनी १७९५ मध्ये फ्रान्समध्ये बसवली. युद्धामुळे इंग्लंडचं शुद्ध ग्रॅफाइट मिळेनासं झालं होतं, म्हणून त्यांनी ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. तुमच्या डब्यातल्या ४एच आणि ६बीमागे तेच प्रमाण आहे.)

तेव्हा नवं साहित्य हातात आलं की त्याला पहिला प्रश्न हा विचारा: केलेलं परत घेता येतं का? काड्यांच्या चारकोलमध्ये जवळजवळ सगळं परत घेता येतं, म्हणून तिथे काढता काढता विचार करावा. अख्खा कागद करडा करून घ्या आणि मऊ खोडरबराने घडीवरचा उजेड "काढा". खोडरबर हेच तुमचं रेखाटनाचं साधन होतं. शाईत काहीच परत घेता येत नाही, म्हणून तिथे हात टेकवण्याआधी विचार करावा लागतो. एकाच कापडाची ही दोन चित्रं शेजारी ठेवली की दिसेल, फरक नुसत्या पोताचा नाही. तुमची निर्णय घ्यायची पद्धतच बदललेली असते, आणि माझ्या मते अनोळखी साहित्य हाताळायचं खरं कारण तेच.

शाई आणि बोरू, म्हणजे वेळूची टोक कापलेली लेखणी, यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण विद्यार्थी हे साहित्य फार लवकर सोडून देतात. बोरू शाईत बुडवून कागदाला टेकवला की पहिली रेघ ओली, जाड आणि चमकदार उमटते. थोडं पुढे गेलं की शाई आटायला लागते, रेघेच्या मधून कागद डोकावतो, आणि शेवटी नुसती खरखरीत करडी फरफट उरते. बहुतेक जण इथे घाईने पुन्हा बुडवतात, रेघ एकसारखी राहावी म्हणून. तसं करू नका. एकसारखी रेघ हवी असेल तर बाजारातलं कुठलंही पेन ते काम जास्त चांगलं करतं. बोरूची गंमत त्या आटण्यात आहे. घडीच्या सावलीच्या बाजूला बोरू भरून टेकवा आणि उजेडाकडे ओढत न्या. शाई आटत जाईल तशी रेघ आपोआप हलकी होईल. कुठे बुडवायचं हे एकदा सावलीप्रमाणे ठरवलं की हाताची लय आणि उजेडाची लय एक होते. व्हॅन गॉग १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला असताना त्यांनी बोरूने काढलेली निसर्गदृश्यं मिळतील तिथे मोठ्या आकारात पाहा. गवताला एक खूण, नांगरलेल्या जमिनीला दुसरी, दूरच्या शेताला नुसते ठिपके. रंग नाही, तरी प्रत्येक पट्टा वेगळा वाचता येतो. नक्षीवर बोलताना याच चित्रांकडे परत यावं लागेल.

अगदी उलट स्वभावाचं साहित्य हवं असेल तर सिल्व्हरपॉइंट, म्हणजे चांदीच्या तारेने रेखाटन, करून बघा. चांदीची बारीक तार यांत्रिक पेन्सिलीत किंवा होल्डरमध्ये धरायची आणि कागदावर आधी पांढऱ्या गॉशचा (अपारदर्शक जलरंगाचा) किंवा गेसोचा (पांढऱ्या अस्तराचा) पातळ थर देऊन तो वाळवायचा. साध्या गुळगुळीत कागदावर चांदी उमटत नाही. रेघ फिकट करडी येते, कितीही दाबलं तरी एका मर्यादेपलीकडे गडद होत नाही, आणि खोडताही येत नाही. सावली हवी तर रेघांवर रेघा विणाव्या लागतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, स्वतःचं जे व्यक्तिचित्र काढलं ते याच तंत्रातलं. ज्यांचा हात जड आहे आणि जे दाबून काळं करायच्या सवयीत अडकले आहेत, त्यांना मी हे आवर्जून करायला लावते.

कागदाबद्दल विद्यार्थी फारच कमी विचार करतात. कागद म्हणजे अर्धं साहित्य. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांची काँटे क्रेयॉनची, म्हणजे कडक काळ्या खडूची, चित्रं त्यांच्या खरखरीत कागदामुळेच तशी दिसतात. क्रेयॉन फक्त उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत पांढरा शिल्लक राहतो, आणि अख्खी आकृती रेघेशिवाय धुक्यातून उगवल्यासारखी दिसते. तोच क्रेयॉन गुळगुळीत कागदावर घासलात तर नुसता काळा डाग पडेल. कागद जोखायची सोपी रीत म्हणजे कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहणं. थेंब लगेच शोषला गेला तर शाई पसरणार आणि रंगाच्या कडा फुटणार. थेंब थोडा वेळ तसाच बसून राहिला तर कागदाला सरस, म्हणजे पाणी अडवणारा लेप, नीट लावलेला आहे. पाण्याचं काम करायचं असेल तर ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचा कागद घ्या, पातळ कागद फुगून वाकडा होईल. मध्यम करड्या किंवा मातकट रंगाचा कागद एकदा तरी वापरा. त्यावर चारकोलने फक्त सावली आणि पांढऱ्या खडूने फक्त उजेड द्या, मधला सगळा भाग कागदावर सोडा. काळा आणि पांढरा एकमेकांत घासू नका. घासले की निळसर राखाडी चिखल होतो आणि कागदाचा रंग वाया जातो.

दोन साहित्यं एकत्र करताना क्रमाला फार महत्त्व आहे. मेण आणि तेल पाण्याला दूर ठेवतात. आधी मेणाचा खडू किंवा ऑइल पेस्टल आणि वरून जलरंगाचा वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर, दिला, तर पाणी खडूवरून सरकून मोकळ्या कागदावर बसतं. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांनी १९४०–४१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बाँबहल्ल्यांपासून आसरा घेतलेल्या माणसांची जी चित्रं काढली, त्यांत हीच युक्ती आहे. मेणाच्या फिकट रेघा गडद वॉशमधून वर येतात आणि झोपलेली शरीरं दगडात कोरल्यासारखी दिसतात. उलट क्रम, म्हणजे आधी वॉश आणि तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेस्टल, हाही चालतो, पण परिणाम निराळा. ऑइल पेस्टलवर अॅक्रिलिक मात्र देऊ नका. खालचा थर कधीच पूर्ण वाळत नाही, वरचा सुकून घट्ट होतो, आणि पुढे तो सुटून येतो. तुमच्या कापडाच्या उजळ पट्ट्यांना आधी मेण आणि मग सबंध कागदावर गडद वॉश हा प्रयोग नक्की करा. एका फटक्यात पट्टे आणि सावली दोन्ही मिळतात, आणि पट्टा जिथे खडूने नीट भरला गेला नाही तिथे पाणी आत शिरून तो तुटतो. ते तुटणं दुरुस्त करू नका.

आता रंग मळण्याचं. याची कारणं तीन आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत, पण विद्यार्थी सगळ्यांवर एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी रंग घालणं.

पहिलं कारण, मिश्रणात रंगद्रव्यं फार होतात. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा संकेत असतो. पी.बी. २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पी.बी. १५ म्हणजे थॅलो निळा. एका ट्यूबमध्येच तीन रंगद्रव्यं असतील आणि तुम्ही अशा दोन ट्यूब मिसळल्या, तर ताटलीत सहा जण भांडत असतात. शिकताना शक्यतो एकाच रंगद्रव्याच्या ट्यूब घ्या. शिवाय निळा म्हणजे एक निळा नव्हे. अल्ट्रामरीन लालसर झुकतो, थॅलो हिरवट. लेमन यलोमध्ये थॅलो मिसळला तर झगझगीत हिरवा. उबदार, नारिंगीकडे झुकलेल्या पिवळ्यात अल्ट्रामरीन मिसळला तर शेवाळी, दबलेला हिरवा. दबलेला म्हणजे वाईट नव्हे. तुम्हाला कुठला हवा होता, हा प्रश्न आहे. सावलीसाठी ट्यूबमधला काळा घेण्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून पाहा. दोघांचं प्रमाण थोडंथोडं हलवलं की गार करड्यापासून उबदार तपकिरीपर्यंत कितीतरी करडे मिळतात, आणि त्यातला एकही मेलेला नसतो. थॅलो वापरताना मात्र ब्रशच्या टोकावर किंचितच घ्या, तो सगळं गिळून टाकतो.

दुसरं कारण, ओल्यावर ओलं फिरवणं. वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याच्यात ब्रश घालू नका, एवढंच. ऑइल पेस्टलमध्ये हीच चूक दुसऱ्या रूपात होते. खडूच्या टोकाला आधीचा रंग चिकटलेला असतो आणि तो पुढच्या रंगात मिसळतो. दर वेळी टोक फडक्याला पुसायचं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, आणि त्याचा रंगांशी वरवर संबंध दिसत नाही. रंग मळलेला वाटतो, पण खरी गडबड रंगाच्या उजळ-गडदपणाची, म्हणजे रंगमूल्याची असते. शेजारशेजारचे दोन रंग मूल्याने जवळजवळ सारखे आले आणि त्यांची तीव्रताही कमी झाली, की डोळ्याला कडा सापडत नाही आणि आपण म्हणतो "मळलं". डोळे बारीक करून पाहा, किंवा चित्राचा कृष्णधवल फोटो काढा. फोनचं रूपांतर तंतोतंत नसतं, पण ढोबळ गोंधळ त्यात पकडला जातो. एक गोष्ट मनाशी बांधून ठेवा: पूर्ण तीव्रतेचा पिवळा उजळच असतो आणि पूर्ण तीव्रतेचा जांभळा गडदच. पिवळा गडद करायला जाल तर तो शेवाळी किंवा तपकिरी होणार, जांभळा उजळ करायला जाल तर तो फिका होणार. म्हणजे सगळे रंग एकाच मूल्यावर आणायचे तर कुणाला ना कुणाला आपली तीव्रता सोडावी लागते. ही तडजोड तुम्ही ठरवून केलीत तर ती रंगयोजना होते.

शेजार हा रंगाचा आणखी एक भाग. रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांची १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तिथे तक्रार होती की काळ्या धाग्याचा काळा पुरेसा दमदार दिसत नाही. त्यांनी तपासलं, धाग्याचा रंग ठीकच होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा कमजोर दिसत होता. त्या निरीक्षणातून त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध केला. पुढे चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना रंग शिकवताना रंगवण्याऐवजी रंगीत कागद कापायला लावत. कारण सरळ आहे: कागदाचा तोच तुकडा दहा ठिकाणी तंतोतंत तोच राहतो, त्यामुळे बदलला तो शेजार, हे निर्विवाद कळतं. इथेही तेच तत्त्व, एक धरायचं आणि एक हलवायचं.

तुमच्या कापडावर हे असं करा. कात्री आणि चार-पाच रंगीत कागद घेऊन घड्या आणि पट्टे कापून चिकटवा. पट्ट्याचा उजेडातला रंग एक, सावलीतला दुसरा. हे जमलं की पुढचं चित्र याच मूल्यांवर, पण वेगळ्या रंगांत करा. जिथे फिका पिवळा होता तिथे फिका गुलाबी, जिथे गडद निळा तिथे गडद हिरवा. कापड तसंच दिसेल, घड्या जागेवर राहतील. मग तिसरं चित्र करा: रंग पहिलेच ठेवा, पण सगळ्यांचं मूल्य जवळजवळ एक करून टाका. घड्या नाहीशा होतील, कापड सपाट होईल आणि नक्षी एकदम पुढे येईल. या तीन तुकड्यांतून आकार आणि नक्षी यांचं नातं जेवढं स्पष्ट होतं तेवढं कुठल्याही व्याख्यानातून होत नाही. आकार मूल्यांवर उभा असतो. मूल्यं सारखी केली की नक्षी राज्य करते. फ्रेंच चित्रकार एद्वार व्हुइयार यांची घरातली दृश्यं आता पाहा. बाईच्या पोशाखाची नक्षी आणि मागच्या भिंतीच्या कागदाची नक्षी मूल्याने इतक्या जवळ आणलेल्या असतात की माणूस भिंतीत विरघळायला लागतो. त्यांची आई शिवणकाम करायची, कापडाचे तुकडे त्यांच्या डोळ्यांसमोर रोजचेच होते.

मग नक्षी चिकटवल्यासारखी का दिसते? मला दोन कारणं दिसतात. एक, ती आकाराबरोबर वाकत नाही. हे तुम्हाला पट्ट्यांच्या कापडाने शिकवलं असेलच. दुसरं जास्त महत्त्वाचं: नक्षी कुठल्यातरी पुस्तकातून उचललेली असते आणि हातातल्या साधनाचा तिच्याशी काही संबंध नसतो. बोरूने गोल गुळगुळीत वेलबुट्टी काढायला गेलात तर बोरू रडत राहील. त्यापेक्षा प्रत्येक साधनाची सहज पडणारी खूण कोणती ते शोधा आणि तीच पुन्हा पुन्हा टाकत जा. बोरूचा आखूड, तिरका फटका. शाईत बुडवलेल्या पुठ्ठ्याच्या कडेचा सरळ ठसा. स्पंजचा ठिपकेदार डाग. जुन्या कंगव्याने ओल्या रंगातून ओढलेल्या समांतर रेषा. शाईत भिजवलेल्या दोऱ्याचं वळण. व्हॅन गॉगच्या चित्रांतलं गवत असंच आलंय. ती बोरूची खूण आहे, फक्त तिला शिस्त लावली आहे. साधनातून निघालेली नक्षी चित्रात परकी वाटत नाही, कारण ती आणि बाकीचं रेखाटन एकाच हाताच्या हालचालीतून आलेलं असतं. तुमच्या प्रश्नात रंग, नक्षी आणि साहित्य असे तीन वेगळे धडे आहेत. मला ते तसे वाटत नाहीत.

या खुणेचीही परीक्षा घ्या. खूण तीच ठेवा आणि फक्त दोन खुणांमधली मोकळी जागा बदला. जवळजवळ टाकल्या की गडद, विरळ टाकल्या की उजळ. म्हणजे नक्षीच मूल्याचं काम करायला लागते आणि सावलीसाठी वेगळं काही लागत नाही. मोकळ्या जागेकडे मुद्दाम पाहत राहा, कारण डोळा तीही आकार म्हणूनच वाचतो. फ्रेंच चित्रकार मातिस यांच्या १९११ च्या लाल स्टुडिओच्या चित्रात टेबल-खुर्च्यांच्या ज्या रेषा दिसतात त्या बहुतेक वरून काढलेल्या नाहीत. लाल रंग भरताना मध्ये सोडलेल्या फटींतून खालचा थर दिसतो, तीच रेष.

पुनरावृत्तीची नक्षी, म्हणजे कापडाच्या छपाईसारखी चारी बाजूंनी जोडली जाणारी नक्षी करायची असेल तर एक जुनी पद्धत उपयोगी पडते. चौकोनी कागदाच्या मधोमध आकृती काढा, कडांना हात लावू नका. कागद उभा-आडवा कापून चार तुकडे करा आणि कर्णातले तुकडे एकमेकांच्या जागी ठेवून मागून चिकटवा. आता मूळ कडा मध्यभागी आल्या. तिथली रिकामी जागा भरा, नव्या कडांना हात लावू नका. हा तुकडा आपोआप जोडला जातो. जोडताना प्रत्येक पुढचा उभा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवून पाहा, चौकटी लगेच मोडतात आणि नक्षी वाहायला लागते. सपाट पृष्ठावर पुनरावृत्तीची समरूपता फक्त १७ प्रकारांनीच होऊ शकते, हे रशियन गणिती फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलं. तुम्हाला ते गणित शिकायची गरज नाही, पण हे प्रकार एकदा चित्ररूपात पाहून घ्या. डच चित्रकार एशर १९३६ मध्ये स्पेनमधल्या आलाम्ब्रा राजवाड्यात दिवसेंदिवस फरश्यांची नक्षी उतरवून घेत बसले होते, आणि त्यांचं पुढचं काम त्यावर उभं राहिलं. जोडलेली नक्षी भिंतीवर लावून लांबून बघायला विसरू नका. जवळून न दिसणारे तिरके रस्ते आणि पांढऱ्या पट्ट्या लांबून स्पष्ट दिसतात. बारीक नक्षीत रंगही लांबून बदलतो; लाल-हिरव्याच्या बारीक रेघा काही अंतरावरून मातकट दिसायला लागतात, ताटलीत रंग न मिसळताही.

नोंदी ठेवा. प्रत्येक कागदाच्या मागे कागद कोणता, साहित्य कोणतं, कशावर काय दिलं आणि या वेळी काय बदललं, एवढं लिहा. पुढची बाजू सजवू नका. प्रयोगवहीची पानं किनारी काढून, सुंदर अक्षरात शीर्षक देऊन मांडण्यात वेळ जातो आणि पान "बिघडू नये" अशी भीती बसते. ती भीती आली की प्रयोग संपला.

टिकण्याकडेही थोडं लक्ष द्या. स्केचपेन आणि चमकदार रंगीत शाई बहुतेक वेळा डायची, म्हणजे पुडीऐवजी विरघळलेल्या रंगाची, असते, ती उजेडात उडते. व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या चित्रात भिंती आज निळ्या दिसतात, पण १८८८ च्या पत्रात त्यांनी त्या फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलं आहे. मिश्रणातला लाल उडून गेला. तुमच्या साहित्याची चाचणी घरीच होते. प्रत्येकाची एक पट्टी रंगवा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका, उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवा आणि मग पुठ्ठा काढून बघा. वहीतल्या सरावाला उडणारे रंग चालतील, भिंतीवर लागणाऱ्या चित्राला नाही. आणि सुक्या पेस्टलची किंवा चारकोलची धूळ तोंडाने फुंकू नका. कागद उभा ठेवून मागून टिचकी मारा, खाली ओलं फडकं ठेवा, आणि फिक्सेटिव्ह (धूळ कागदावर पक्की बसवणारा फवारा) मोकळ्या हवेतच फवारा. फिक्सेटिव्हने पेस्टलचे उजळ रंग गडद होतात, म्हणून हलके, विरळ थर द्या आणि शेवटचा उजेड फवारल्यानंतर ठेवा.

पुरेशी चित्रं झाली की ती सगळी जमिनीवर पसरा आणि सुंदर कोणती हे न बघता, कापडाविषयी तुम्हाला आधी माहीत नसलेलं काही कोणत्या चित्रात दिसलं ते शोधा. अशी दोन-तीनच निघतील. त्यातलं एक मोठं करा, पूर्ण इम्पीरियल, म्हणजे २२ गुणिले ३० इंचांच्या कागदावर. इथे एक खाचखळगा आहे. चित्र चौपट झालं आणि साधन तेच राहिलं तर खुणा किरकोळ दिसतात आणि मूळ चित्राचा दम जातो. साधनही त्याच प्रमाणात मोठं करा. बोरूच्या जागी पुठ्ठ्याची रुंद पट्टी किंवा घरं रंगवायचा सपाट ब्रश घ्या. कागद भिंतीवर लावा आणि मनगट विसरून खांद्यातून हात फिरवा. मातिस फ्रान्समधल्या व्हाँसच्या चॅपेलचं काम करताना लांब बांबूच्या टोकाला चारकोल बांधून भिंतीवर काढत असत. लांब काठीने हाताची सफाई जाते आणि रेघ मोठ्या आकाराला शोभेल अशी मोकळी होते, हे तुम्हालाही करून बघता येईल.

सादरीकरणाच्या वेळी छोटे प्रयोग लपवू नका. मोठ्या चित्राशेजारी त्याच्याकडे नेणारे दोन-तीन कागद लावा, पाठीमागच्या नोंदींसकट. ऑइल पेस्टलची चित्रं एकमेकांवर रचू नका, मध्ये ग्लासाइन किंवा बटर पेपर घाला, आणि फ्रेम केलीत तर काचेला चित्र टेकणार नाही इतकी माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी ठेवा.